आरेक्स परत येतेय म्हणे

मालवण-कसाल रस्त्यावर आरेक्स येत असली तर ती वळणाआड असतानाच कळतं. टू-स्ट्रोकचा टणटणीत आवाज आधी येतो, मग गाडी, आणि गाडी गेल्यावर जळक्या ऑइलचा वास रेंगाळतो. चालवणारा बहुतेक वेळा विशी-पंचविशीतला. शेवटची आरेक्स, म्हणजे यामाहा आरएक्स १००, कारखान्यातून बाहेर पडली १९९६ साली; म्हणजे एमएच-०७ ची जुनी पाटी मिरवत आरेक्स पळवणारी ही पोरं आपल्या गाडीहून धाकटी आहेत. गाडी कुणाच्या काकाची, कुणाच्या मामाची. मालक मुंबईला, गाडी मांगरात, वर नारळाच्या झावळ्या आणि उंदरांचं बिऱ्हाड. पुतण्याने ती एका मे महिन्यात बाहेर काढली, पेट्रोलची टाकी धुतली, प्लग पॉलिश पेपरने घासला, किक मारली. पन्नासाव्या किकला का होईना, चालू झाली. तिथून पुढे तो पुतण्या कामातून गेला.

याच मंडळींना विचारा, नवी आरेक्स निघाली तर कशी हवी. गणपतीत एका घरचं भजन उरकून दुसऱ्या घरी जाईपर्यंतचा वेळ या विषयाला हमखास पुरतो. मुंबईहून आलेले चाकरमानी त्यात आपली भर घालतात, कारण तारुण्यात त्यांनी ही गाडी नवी पाहिलेली असते, आणि घेता आली नाही याचं दुःख अजून ताजं असतं. अमेरिकेत मस्टँग आणि चार्जर या दांडग्या मोटारींच्या पुढच्या आवृत्तीवरून चाहते हातघाईवर येतात. आपल्याकडे तशा गाड्यांचं कौतुक परवडणारे थोडे. पण ज्या तळमळीने ते व्ही-एट इंजिनाबद्दल बोलतात, त्याच तळमळीने बोलायला आपल्याकडे एक ९८ सीसीची मोटारसायकल आहे. तिकडे १९६४ मध्ये पाँटियाकने मध्यम गाडीत मोठं इंजिन कोंबून जीटीओ काढली आणि तो प्रकार फोफावला. आरेक्सने हिशेब दुसऱ्या टोकाने धरला. इंजिन लहान ठेवलं आणि बाकीची गाडी त्याहून हलकी केली.

ती आली १९८५ च्या अखेरीला. जपानी कंपन्यांशी करार करून शंभर सीसीच्या गाड्या बनवायला सरकारने मुभा दिली होती, आणि चार जोड्या जमल्या: टीव्हीएस आणि सुझुकी, हिरो आणि होंडा, बजाज आणि कावासाकी, एस्कॉर्ट्स आणि यामाहा. एस्कॉर्ट्स म्हणजे दूधवाल्यांची राजदूत बनवणारी कंपनी. तिने १९८३ मध्ये यामाहाची दोन सिलिंडरची आरडी ३५० राजदूतच्या नावाने काढली होती. आज त्या गाडीची पूजा होते. तेव्हा मात्र पेट्रोलच्या हिशेबाने लोक तिला घाबरले, आणि पुढे ती बंद झाली. आरएक्स १०० मध्ये कंपनीने तोच चटका गिऱ्हाइकाला झेपेल एवढ्या मापात दिला. पहिल्या गाड्या जपानहून सुट्या भागांत आल्या आणि इथे जोडल्या गेल्या. ज्यांच्याकडे त्यातली एखादी आहे ते अजूनही इंजिनावर बोट ठेवून ते जपानी असल्याचं दाखवतात.

कागदावर काय होतं? पन्नास मिलिमीटरचा बोअर, पन्नासचाच स्ट्रोक. अकरा हॉर्सपॉवर. चार गिअर. दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. वजन १०३ किलो. त्याच वर्षी आलेली हिरो होंडा सीडी १०० फोर-स्ट्रोक होती. तिची ताकद सात-साडेसात हॉर्सपॉवर, पण पेट्रोल चाटूनपुसून वापरायची. देशाने शहाणपणाने हिरो होंडा घेतली. आरेक्स घेणारे वेगळे होते. त्यांना लिटरला किती जाते हे कुणी विचारलेलं आवडत नसे.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. मालवण किनाऱ्याचं पोट आरेक्सवर चाललेलं नाही. पहाटे लिलावातली मासळी उचलून गावोगाव पोहोचवायची ती एम-एटी आणि लुनाने. पुढे टोपली, मागे टोपली, मध्ये विक्रेता, आणि रबरी भोंगा. ती गाडी कधी कुणी जपून ठेवली नाही, तिच्या पुढच्या आवृत्तीसाठी कुणी जीव टाकत नाही. हा मला थोडा अन्यायच वाटतो. आरेक्स ही कमावत्या घरातल्या धाकट्या मुलाची गाडी होती, आणि आठवणी धाकट्या मुलांच्या जास्त टिकतात.

तरीही या जमिनीशी तिचं जमलं याला कारण आहे. सिंधुदुर्गाचा किनारा सपाट नाही. खाडी, मग चढ, मग जांभ्याचा उघडा सडा, मग पुन्हा उतार आणि पुढची खाडी. मालवण शहरातून बाहेर पडायचं म्हणजे कुंभारमाठाच्या दिशेने चढायचंच. आचऱ्याला जा, देवगडला जा, वेंगुर्ल्याला जा, दर काही मैलांवर एक घाटी. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, समोरून एसटी आली की एक चाक मातीत उतरवायचं. इथे शंभराच्या वेगाचा काही उपयोग नाही. चाळीसच्या वेगात वळण संपलं आणि चढ समोर आला की गाडी उठली पाहिजे. आरेक्स उठते. दुसरा गिअर, मूठ पिळली, वर. इथला माणूस 'पिकअप' म्हणतो तो हा. आणि मातीत उतरलेलं चाक, लाल चिखलात रुतलेलं मागचं टायर, होडीतून खाडीपार न्यायची वेळ, या सगळ्यात १०३ किलो म्हणजे दोन माणसांनी उचलायचं वजन. किनाऱ्यावर पूल व्हायला किती वर्षं गेली हे आठवत असेल, तर होडीत घालता येणारी मोटारसायकल ही काय चीज होती ते सांगावं लागत नाही.

आता नव्या गाडीची बातमी. २०२२-२३ मध्ये यामाहा मोटर इंडियाचे तेव्हाचे अध्यक्ष एशिन चिहाना यांनी मुलाखतींमधून सांगितलं की आरएक्स १०० हे नाव परत आणायचं कंपनीच्या मनात आहे, पण घाई नाही. त्यांच्या बोलण्यातला पुढचा भाग चाहत्यांनी नीट वाचलेला दिसत नाही. या गाडीला भारतात मान आहे तो तिचं रूप, हलकेपणा, ताकद आणि आवाज यांमुळे, असं ते म्हणाले. फोर-स्ट्रोकमध्ये तसं काही करायचं तर किमान २०० सीसी लागेल, सध्याचं १५५ सीसीचं इंजिन पुरणार नाही, आणि तो आवाज बहुधा जमणार नाही. नाव लावून नाव घालवायची आपली इच्छा नाही, असाही त्यांचा सूर होता. कंपनीचा अध्यक्ष इतकं सरळ बोलतो, हे क्वचित घडतं. आपल्याकडे मात्र बातमी पसरली ती 'आरेक्स परत येतेय' एवढीच, आणि दर सहा महिन्यांनी कुणाच्या तरी मोबाइलवर संगणकावर काढलेलं खोटं चित्र किमतीसकट येतं.

मागण्या ऐकत गेलं की त्यांत एक गंमत दिसते. पहिली मागणी आवाजाची. 'तो आवाज व्हयो, नायतर नाव लावू नुको.' दुसरी टाकीच्या आकाराची, गोल दिव्याची, क्रोमच्या मडगार्डची. तिसरी पिकअपची. किक ठेवा, हे सगळे म्हणतात. सेल्फ असला तरी चालेल, हे हळू आवाजात म्हणतात, कारण वयं झाली आहेत. वजनाबद्दल कुणी आपणहून बोलत नाही. विचारलं तर 'हलकीच असणार, आरेक्स ना ती' असं उत्तर येतं, जणू ते ठरलेलंच आहे.

ते ठरलेलं नाही, आणि मला वाटतं सगळा प्रश्न तिथे आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात यामाहाने एक्सएसआर १५५ भारतात आणली. गोल दिवा, जुनं रूप, पाण्याने थंड होणारं इंजिन, सहा गिअर, १८.४ हॉर्सपॉवर, वजन १३७ किलो. हिशेब मांडा. आरेक्सच्या एका हॉर्सपॉवरला जवळजवळ साडेनऊ किलो ओढावे लागतात, या गाडीच्या एका हॉर्सपॉवरला साडेसात. म्हणजे आरेक्सला मागे टाकणारी गाडी यामाहाच्याच दुकानात उभी आहे. आरेक्सवाला ती चालवून पाहतो, 'बरी आसा' म्हणतो आणि घरी येऊन पुन्हा आपली किक मारतो. वेगच हवा असता तर ही चर्चा संपली असती.

त्याला जे हवंय ते आकड्यांच्या मागे आहे. टू-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला एकदा पेट घेतं, फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांनी एकदा. मूठ पिळण्यात आणि गाडी उठण्यात म्हणून मधलं काही जाणवत नाही. दुसरं, टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. हेडचे चार नट काढले की पिस्टन समोर. सगळं कमी, म्हणून वजन कमी, म्हणून फ्रेम बारीक, म्हणून पुन्हा वजन कमी. हा हलकेपणा एका सुट्या भागात नाही की तो काढून नव्या गाडीत बसवावा. दोनशे सीसीची फोर-स्ट्रोक घेतली की तिला बहुधा रेडिएटर येतो, मोठी बॅटरी येते, इंजेक्शनचा पंप येतो, एबीएस येतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर येतो. अशा गाड्या आज दीडशे किलोंच्या आसपास भरतात. पन्नास किलो म्हणजे तांदळाची एक गोण. ती पाठीवर घेऊन जन्माला आलेल्या गाडीला आरेक्स म्हणायचं का, हा प्रश्न यामाहासमोर आहे.

मग टू-स्ट्रोकच काढा ना, असं म्हणणारे भेटतात. अडचण अशी की तिच्या सिलिंडरमध्ये नवं मिश्रण आत येताना जुना धूर बाहेर ढकलतं, आणि त्या गडबडीत न जळलेलं पेट्रोलही सायलेन्सरवाटे निसटतं. त्यात ऑइलही जळतं. १९९६ आणि मग २००० साली धुराचे नियम आवळले गेले, आरएक्स १०० गेली, तिची थोरली बहीण आरएक्स १३५ आणखी काही वर्षं तग धरून गेली. २०२० पासूनच्या बीएस-सिक्सपुढे साध्या कार्बोरेटरची टू-स्ट्रोक उभीही राहणार नाही. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारलं तर गळती थांबते, आणि तसा प्रयोग आपल्या महाराष्ट्रातच झाला आहे. बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ऑर्बिटल कंपनीचं तंत्र घेऊन डायरेक्ट इंजेक्शनची टू-स्ट्रोक रिक्षा काढली होती. केटीएमने २०१८ च्या सुमारास इंजेक्शनच्या टू-स्ट्रोक डोंगरी गाड्या युरोपात विकायला आणल्या. म्हणजे विज्ञानाला अशक्य नाही. पण एका देशातल्या हळव्या गिऱ्हाइकांसाठी एवढा खर्च कोण करील? यामाहा तरी नाही करणार, असं मला दिसतं.

आवाजाची गोष्ट तर अमेरिकेत होऊन गेली आहे. डॉजने २०२३ च्या अखेरीला व्ही-एटच्या चॅलेंजर आणि चार्जर बंद केल्या आणि विजेवरची चार्जर डेटोना आणली. विजेच्या गाडीला इंजिनाचा आवाज नसतो, म्हणून जुन्या इंजिनाइतका मोठा आवाज काढणारी यंत्रणा बसवली. चाहत्यांनी ती थट्टेवारी नेली, गाडी खपेना, आणि कंपनीला पेट्रोलचं सहा सिलिंडरचं इंजिन घालून तीच गाडी पुन्हा काढावी लागली. फोर्डने मस्टँगच्या सातव्या आवृत्तीत व्ही-एट आणि हाताने टाकायचे गिअर ठेवले, ती शाबूत आहे. आरेक्सला लाउडस्पीकर लावायची बुद्धी कुणाला होऊ नये.

नाव परत आणून निभावलेलीही उदाहरणं आहेत आणि ती जवळची आहेत. बजाजची चेतक स्कूटर २०२० मध्ये विजेवर आली आणि आज मालवणच्या बाजारातही दिसते. कायनेटिकने २०२५ मध्ये डीएक्स हे जुनं नाव विजेच्या स्कूटरला दिलं. चेतकच्या इंजिनावर कुणाचा जीव नव्हता, हे त्यामागचं साधं कारण. ती एका बाजूला कलती करून किक मारायचो हे लोक हसत सांगतात, पण ते परत द्या असं म्हणत नाहीत. पत्र्याचं अंग आणि घरची स्कूटर असल्याची भावना हवी होती, ती विजेवरही देता आली. जावाचं २०१८ मध्ये थोडं वेगळं झालं. नव्या गाडीला जुन्यासारखे दोन सायलेन्सर लावले, पण इंजिन फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं. गाडी सुंदर आहे. जुने जावावाले तिच्या शेजारी उभे राहून फोटो काढतात. आरेक्सची जात चेतकची नाही, जावाची आहे. इंजिन काढलं की उरतं काय?

एका बाबतीत चाहते सोयीस्कर विसरभोळे आहेत, ते लिहिलं पाहिजे. आरेक्सचे ब्रेक वाईट होते. टू-स्ट्रोक इंजिन मूठ सोडल्यावर गाडीला फारसं आवरत नाही, त्यामुळे घाटी उतरताना सगळा भार त्या दोन छोट्या ड्रमवर. पावसात ड्रममध्ये पाणी गेलं की पहिले काही क्षण ब्रेक आहे की नाही तेच कळत नाही, आणि इथे पाऊस चार महिने पडतो. त्यात गाडी हलकी, मालक तरुण. वस्तीवस्तीत एखादा तरी किस्सा असा आहे जो कुणी हसत सांगत नाही. नव्या गाडीत डिस्क आणि एबीएस येणार याला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. तीच गोष्ट जाळ्या काढलेल्या सायलेन्सरची. मूळ आरेक्सचा आवाज मोकळा होता, कर्कश नव्हता. पुण्यासह कित्येक शहरांत पोलिसांनी असले बदललेले सायलेन्सर रोलरखाली चिरडले, त्याचं मला तरी दुःख झालं नाही.

गॅरेजात गेलं की मागण्यांचा सूर बदलतो. खाऱ्या वाऱ्यात इथे सगळं गंजतं. पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला जुनं ऑइल मारायची पद्धत याच भागातली. रिमचं क्रोम फुगतं, तारा तुटतात, सायलेन्सरला आतून कार्बन आणि बाहेरून गंज. मेकॅनिकला विचारलं, नवी आरेक्स कशी हवी, तर तो गाडीचं वर्णन करत नाही. 'माका उघडूक येवची व्हयी,' एवढंच. त्याची भीती खरी आहे. इंजेक्शनच्या गाडीत दिवा लागला की कंपनीचं स्कॅनर लागतं, ते कुडाळ-कणकवलीच्या शोरूममध्ये. आरेक्सचं निदान कानाने होतं. रिंग गेली, बिग-एंड वाजतोय, सायलेन्सर चोक झालाय, हे तो गाडी दारात येताना ओळखतो. चोक झालेला सायलेन्सर विस्तवात घालून जाळायचा, बोअर झिजला तर मापाने मोठा करून वरच्या मापाचा पिस्टन घालायचा. ही विद्या चोपडीत नाही, एका पिढीच्या हातात आहे, आणि ती पिढी साठीला आली.

आरेक्सपुढे सध्या दोन संकटं आहेत. एक पेट्रोल. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता पंपावर सगळीकडे आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि मालवणच्या हवेत पाण्याला काय तोटा. मांगरात महिनाभर उभ्या गाडीच्या टाकीत पाणी तळाशी बसतं, कार्बोरेटरचे जुने रबर फुगतात. शिवाय या पेट्रोलवर जुन्या जेटने मिश्रण पातळ पडतं, टू-स्ट्रोक तापते, आणि तापली की पिस्टन धरतो. जाणते मेकॅनिक जेट एक-दोन मापं वर टाकतात आणि मालकाला सांगतात, टाकी भरून ठेवू नकोस.

दुसरं संकट सुट्या भागांचं. चांगला सिलिंडर किट, मूळ कार्बोरेटर, खरा क्रँक मिळवायला लोक कोल्हापूर-मुंबईपर्यंत जातात, आणि तिथे जे मिळतं त्यातलं बरंचसं नकली. नकली पिस्टन दोन घाट चढला की आवाज करू लागतो. म्हणून चाहते मेलेल्या गाड्या विकत घेतात, एकीच्या तीन करण्यासाठी नव्हे, तिघींची एक करण्यासाठी. नीट लावलेल्या आरेक्सला लाखाच्या पुढे मागतात, ते रंगाचे नसतात, आतल्या अस्सल मालाचे असतात. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी, हरित कर आणि दर पाच वर्षांची ओरोसच्या आरटीओची फेरी आहेच. पन्नास वर्षं झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेजची वेगळी नोंदणी मिळते. पहिल्या आरेक्सना ती पात्रता येईल २०३५ मध्ये. तोवर तिला चालू ठेवायचं आहे.

त्यामुळे पुढच्या आरेक्सबद्दल जेवढं ऐकलं त्यात मला सर्वांत पटलेली मागणी नव्या गाडीची नाहीच. जुन्या गाडीचे भाग पुन्हा बनवा, ही आहे. हे हळवेपण नाही, धंदा आहे, आणि जपानी कंपन्या तो करतात. माझ्दाने आपल्या पहिल्या एमएक्स-५ साठी जुने भाग पुन्हा बनवायला घेतले, टोयोटाने २०२० पासून सुप्राचे भाग काढले, कावासाकीने १९७२ च्या झेड-१ चे सिलिंडर हेड नव्याने ओतले. झेड-१ जगात जितक्या उरल्या असतील त्याहून आपल्याकडे आरेक्स बहुधा जास्त असतील. एक सिलिंडर, एक पिस्टन, रिंगा, क्रँक, कार्बोरेटर, ब्रेक शू: दहा-बारा वस्तूंची यादी, कंपनीच्या डब्यात, कंपनीच्या शिक्क्यासह. त्याला बीएस-सिक्सची परीक्षा नाही, नाव घालवायची भीती नाही. दोनशे सीसीची जी काय गाडी काढायची ती यामाहाने खुशाल काढावी, जीएसटीही आता त्या गटाला अठरा टक्के आहे, पोरं घेतीलही. फक्त तिला दुसरं नाव द्यावं, आणि शोरूमच्या काउंटरवर आरेक्सचा पिस्टन मिळावा, शून्य मापाचा आणि त्यापुढच्या सगळ्या मापांचा.